असदगड ज्याच्या नावाचा, तो असदखान नेमका कोण होता?

अकोल्याच्या जुन्या शहरात रोज हजारो माणसं असदगडाच्या शेजारून जातात. कुणी दुकान उघडायला, कुणी भाजीला, कुणी राजराजेश्वराच्या दर्शनाला. किल्ल्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. पण हा असद कोण, असं विचारलं तर बहुतेक जण औरंगजेबाच्या काळातला कुणी सरदार असावा, एवढंच सांगतात.

ते चुकीचं नाही, पण फारच अपुरं आहे. असदखान हा औरंगजेबाचा वजीर होता, आणि तोही थोडाथोडका नाही, तर तीस वर्षांहून जास्त काळ. नात्याने तो बादशहाच्या मावशीचा नवरा. रायगड घेणारा मुघल सरदार हा त्याचा मुलगा. औरंगजेबानंतर दिल्लीच्या तख्तावर कुणी बसायचं, याची उलथापालथ त्याच्या घरातून झाली, आणि त्याच उलथापालथीत त्याच्या घराची राखरांगोळी झाली.

जुनं शहर पायी फिरायला निघालं, की हा इतिहास एकेका दगडाशी जोडता येतो. त्यासाठी नदी, किल्ला, वेशींची नावं आणि दोन-तीन शिलालेख एवढं पुरेसं आहे.

आधी नदी बघा

अकोल्याचे दोन भाग मोर्णा नदीने पाडले आहेत. पश्चिम काठावर जुनं शहर आणि असदगड. पूर्व काठावर ताजनापेठ, आणि पुढे इंग्रजांच्या काळात वाढलेली कचेऱ्या-बंगल्यांची वस्ती. मोर्णा पुढे जाऊन पूर्णेला मिळते.

पुलावरून पश्चिमेला आलं की रस्त्यांचा स्वभावच बदलतो. गल्ल्या अरुंद होतात, वळणं वाढतात. जुन्या तटबंदीच्या गावांची हीच खूण. वस्ती तटाच्या आत मावायला हवी, म्हणून घरं एकमेकांना खेटून उभी राहतात आणि मोठे रस्ते वेशींकडे धावतात.

वेशींची नावंही वाचण्यासारखी. दहीहांडा वेस आणि अगर वेस. दहीहांडा आणि अगर ही अकोल्याच्या आसपासची गावं. ज्या वेशीतून ज्या गावचा रस्ता निघतो, त्या गावाचं नाव वेशीला. पुण्या-मुंबईच्या माणसाला दिल्ली दरवाजा किंवा लाहोरी दरवाजा ही नावं ओळखीची असतात, तोच हा प्रकार. वेशीचं नाव म्हणजे जुन्या काळची दिशादर्शक पाटीच. अकोल्याचे लोक रोज कुठे जात होते, माल कुठून येत होता, हे या नावांमध्ये अडकून राहिलंय.

या दोन वेशींवरच्या लेखांनी अकोल्याच्या इतिहासात मोठा घोळही घालून ठेवला आहे. पण त्याआधी असदखानाची ओळख करून घेऊ.

इराणातून आलेलं घराणं

असदखानाचं मूळ नाव मुहम्मद इब्राहिम. जन्म 1625 च्या आसपासचा. घराणं करामानलू, म्हणजे तुर्की वंशाचं, पण इराणच्या शाहच्या चाकरीतलं. त्याचे आजोबा इराणात मोठ्या पदावर होते. शाह अब्बासची मर्जी फिरली आणि त्यांना जीव गमवावा लागला. मग घराणं हिंदुस्थानात आलं आणि मुघलांच्या चाकरीत रुजलं.

त्या काळात इराणातून आलेल्या उमरावांना मुघल दरबारात मोठा मान होता. नूरजहान याच गटातली. तिचा भाऊ आसफखान हा शाहजहानचा वजीर आणि सासराही, कारण मुमताज महल ही आसफखानाची मुलगी. याच आसफखानाची दुसरी एक मुलगी मुहम्मद इब्राहिमला दिली गेली. म्हणजे शाहजहान आणि इब्राहिम साडू झाले, आणि मुमताजचा मुलगा औरंगजेब हा इब्राहिमच्या बायकोचा भाचा. गंमत म्हणजे भाचा औरंगजेब 1618 चा, म्हणजे मावशीच्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठा.

शाहजहानने इब्राहिमला असदखान हा किताब दिला. असद म्हणजे सिंह. पुढे औरंगजेबाच्या काळात तो बरीच वर्षं दुसरा बक्षी होता. बक्षीचं काम सैन्याशी निगडित. कुणाकडे किती घोडेस्वार, हजेरी बरोबर आहे का, कुणाला बढती द्यायची, अशी सगळी कागदपत्रं बक्षीच्या हातून जात. 1670 मध्ये वजीर जाफरखान वारला, तेव्हा वजिरीचा कारभार असदखानाकडे नायब म्हणून आला. 1676 मध्ये तो पूर्ण वजीर झाला आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, त्या पदावर राहिला.

औरंगजेब हा संशयी बादशहा. त्याने स्वतःच्या मुलांनाही कैदेत टाकलं. अशा बादशहाच्या हाताखाली 31 वर्षं वजिरी टिकवणं सोपं नव्हतं. असदखानाची ख्याती रणांगणावरच्या पराक्रमाची नव्हती. दरबारातले वारे ओळखणं आणि धीर धरणं, यावर तो टिकला.

मग अकोल्याशी त्याचा संबंध काय?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर जहागीर.

मुघल सरदाराला मनसब मिळे. मनसब म्हणजे दर्जा. त्या दर्जानुसार त्याचा पगार ठरे आणि त्याने किती घोडेस्वार ठेवायचे तेही ठरे. हा पगार बहुतेकांना रोख मिळत नसे. त्याऐवजी एखाद्या परगण्याचा महसूल तोडून दिला जाई. तो परगणा म्हणजे त्याची जहागीर. जमीन त्याच्या मालकीची होत नसे, फक्त वसुली त्याची. जहागीर वंशपरंपरागतही नसे. बादशहा आज वऱ्हाडातली देई, उद्या माळव्यातली.

वऱ्हाड 1596 मध्ये निजामशाहीकडून मुघलांकडे आलं. काळी कसदार जमीन, ज्वारी आणि कापूस. महसुलाच्या दृष्टीने हा सुभा श्रीमंत होता. अशा सुभ्यातली जहागीर बड्या सरदाराकडे जावी यात नवल नाही. अकोला असदखानाच्या जहागिरीत होतं, आणि त्याच्या नावावरून किल्ल्याला असदगड म्हणू लागले.

जहागीरदार स्वतः जहागिरीत राहत नसे, हेही लक्षात घ्यायला हवं. तो बादशहाबरोबर छावणीत असे. जहागिरीत त्याचा माणूस बसे. तो वसुली करी, तंटे मिटवी आणि गरज पडली तर तट बांधून घेई. अकोल्यात असा माणूस होता, आणि त्याचं नाव दगडावर आहे.

दहीहांडा वेशीवरचं नाव

दहीहांडा वेशीवरच्या लेखात तीन माणसं येतात. बादशहा औरंगजेब, नवाब असदखान आणि ख्वाजा अब्दुल लतीफ. बांधकाम ख्वाजा अब्दुल लतीफने केलं, असं त्यात नोंदवलेलं आहे. अकोल्याच्या ईदगाहवरच्या लेखातही बांधणारा म्हणून याच अब्दुल लतीफचं नाव येतं. किल्ल्याच्या फतेह बुरुजावरच्या लेखात पुन्हा औरंगजेब आणि असदखान भेटतात.

म्हणजे बादशहा सर्वांत वर, मग जहागीरदार वजीर आणि शेवटी प्रत्यक्ष काम करून घेणारा. राज्यकारभाराची उतरंडच दगडावर कोरलेली. गवंडी, बेलदार आणि पाथरवट या उतरंडीत नाहीत. तट त्यांनीच उभा केला, पण लेखात जागा मिळाली ती हुकूम सोडणाऱ्यांना.

आता तारखेचा घोळ. दहीहांडा वेशीवरचं साल हिजरी 1114 सांगितलं जातं, आणि त्याचं इसवी सन म्हणून 1697 दिलं जातं. बहुतेक पुस्तकांत असदगडाचं साल 1697 असंच सापडतं. पण हिशेब करून पाहिला तर हे दोन आकडे जुळत नाहीत.

हिजरी वर्ष चांद्र असतं, सुमारे 354 दिवसांचं. म्हणून ते इसवी वर्षापेक्षा जवळपास 11 दिवसांनी लहान. साधारण 33 हिजरी वर्षांत एक वर्षाचा फरक पडतो. सोपी रीत अशी, की हिजरी सालाला 33 ने भागायचं, आलेला आकडा मूळ सालातून वजा करायचा आणि त्यात 622 मिळवायचे. 1114 ला 33 ने भागलं की जवळपास 34 येतात. 1114 वजा 34 म्हणजे 1080. त्यात 622 मिळवले की 1702. नेमकं सांगायचं तर हिजरी 1114 हे मे 1702 ते मे 1703 या काळात येतं. ईदगाहचं साल हिजरी 1116 सांगतात, ते याच रीतीने 1704-05 मध्ये पडतं.

पाच वर्षांनी काय फरक पडतो, असं वाटेल. दोन्ही वर्षी औरंगजेब जिवंत होता आणि असदखान वजीर होता, हे खरं. पण वऱ्हाडात मात्र या पाच वर्षांत बरंच काही बदललं. ते कळण्यासाठी असदखानाबरोबर दक्षिणेत जावं लागेल.

बाप छावणीत, मुलगा रायगडावर

1681 मध्ये औरंगजेब दक्षिणेकडे निघाला आणि पुन्हा कधीच उत्तरेला परतला नाही. 1686 मध्ये विजापूर पडलं, 1687 मध्ये गोवळकोंडा. 1689 च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली.

त्याच वर्षी रायगडाला वेढा पडला. वेढा घालणारा सरदार इतिकादखान, म्हणजे असदखानाचा मुलगा. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. या कामगिरीबद्दल इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. मराठ्यांच्या इतिहासात हे नाव यानंतर वारंवार येतं.

राजाराम महाराज मात्र निसटून तमिळ मुलखातल्या जिंजीला पोचले. 1690 मध्ये झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालायला गेला. काम होईना, म्हणून 1691 मध्ये बादशहाने आपला मुलगा कामबक्ष आणि त्याच्या सोबत वजीर असदखान यांनाही तिकडे पाठवलं.

इथे असदखानाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड पेच उभा राहिला. 1692 च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव जिंजीच्या आसपास येऊन धडकले. मुघल सैन्याची रसद तुटली. औरंगजेब वारला, अशी अफवाही उठली. तरुण कामबक्षाने राजाराम महाराजांशी गुप्तपणे बोलणी सुरू केली. शहजादाच शत्रूकडे गेला असता तर सगळी फौज कापली गेली असती. आणि शहजाद्याला हात लावावा, तर बादशहाच्या मुलाला कैद केल्याचा गुन्हा.

असदखान आणि झुल्फिकारखान या बापलेकांनी कामबक्षाला कैद केलं. वेढा उठवून सैन्य वांदिवाशला मागे घेतलं आणि शहजाद्याला बादशहाकडे रवाना केलं. फौज वाचली, पण औरंगजेबाला हे रुचलं नाही. काही काळ वजिरावर मर्जी खप्पा होती. कामबक्षाने तर हा अपमान आयुष्यभर मनात ठेवला.

झुल्फिकारखानाचा जिंजीचा वेढा त्यानंतरही रेंगाळला. 1697 च्या शेवटी राजाराम महाराज जिंजीतून बाहेर पडले आणि 1698 च्या सुरुवातीला किल्ला मुघलांच्या हाती आला. आठ वर्षं खर्ची पडली होती आणि ज्याच्यासाठी वेढा होता तो हाती लागला नव्हता.

वऱ्हाडच्या गावांना तट का लागले?

1699 मध्ये औरंगजेबाने स्वतः किल्ले घ्यायला सुरुवात केली. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड. म्हातारा बादशहा पालखीत बसून एकेका डोंगराखाली तळ देत होता. भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला मोठी छावणी होती, तिला मुघल इस्लामपुरी म्हणत. बादशहा मोहिमेवर निघाला तेव्हा ही छावणी सांभाळायला असदखान मागे राहिला.

पण एक किल्ला घ्यावा, तोवर मराठी घोडदळ शंभर-दोनशे कोसांवर दुसरीकडेच उगवे. महाराणी ताराबाईंच्या काळात ही चाल आणखी वाढली. 1703 मध्ये नेमाजी शिंदे वऱ्हाडात शिरले. त्या वेळी वऱ्हाडचा सुभेदार होता फिरोजजंग, म्हणजे पुढे हैदराबादचं राज्य उभं करणाऱ्या निजामुल्मुल्काचा बाप. त्याचा वऱ्हाडातला नायब रुस्तमखान नेमाजींशी लढला, हरला आणि पकडला गेला. नेमाजी तिथून थेट माळव्यात उतरले.

आता पुन्हा दहीहांडा वेशीकडे बघा. साल 1697 धरलं, तर अकोल्याची तटबंदी हे वजिराच्या जहागिरीतलं नेहमीचं बांधकाम वाटतं. हिजरी 1114 म्हणजे 1702-03 धरलं, तर हे काम नेमकं त्या काळातलं ठरतं जेव्हा मराठी फौजा वऱ्हाडच्या दारात होत्या. मग हा तट म्हणजे घाबरलेल्या कारभाऱ्याची लगबग दिसू लागते. महसूल गोळा करायचा, तो साठवायचा आणि छावणीकडे रवाना करायचा, तर भक्कम भिंत हवीच.

असदगडावर नक्षीकाम जवळजवळ नाही, याचाही अर्थ इथे लागतो. वजिराच्या नावाचा किल्ला असूनही तो राहायला किंवा मिरवायला बांधलेला दिसत नाही.

1707 : बादशहा गेला, वजीर उरला

1707 च्या सुरुवातीला अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत औरंगजेब वारला. असदखान तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

छावणीत शहजादा आझम होता, म्हणून असदखान आणि झुल्फिकारखान त्याच्या बाजूने गेले. आझम उत्तरेकडे निघाला. वाटेत, झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने, त्याने शाहूंची सुटका केली. शाहू महाराष्ट्रात परतले की ताराबाईंशी वाद होईल आणि मराठे आपसात गुंततील, असा हिशेब होता. तो बऱ्याच अंशी खराही ठरला. पण अठरा वर्षांनी सुटलेल्या शाहूंनी पुढे साताऱ्याला जे राज्य उभं केलं, ते या हिशेबात कुठेच नव्हतं. रायगडावर शाहूंना कैद करणारा आणि त्यांच्या सुटकेचा सल्ला देणारा माणूस एकच, असदखानाचा मुलगा.

आझमने असदखानाला ग्वाल्हेरला ठेवलं आणि तो पुढे गेला. जून 1707 मध्ये आग्र्याजवळ जाजऊला लढाई झाली. आझम मारला गेला आणि त्याचा मोठा भाऊ बहादूरशहा बादशहा झाला.

हरलेल्या बाजूच्या वजिराचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बहादूरशहाने असदखानाला माफ केलं. वजिरी मुनीमखानाला दिली आणि म्हाताऱ्या असदखानाला वकील-इ-मुतलक हे त्याहून वरचं मानाचं पद. मान मोठा, काम कमी. झुल्फिकारखान मीर बक्षी झाला, दक्षिणेचा कारभारही त्याच्याकडे आला. तिथे त्याने दाऊदखान पन्नीला नायब म्हणून बसवलं. दक्षिणेची चौथाई-सरदेशमुखी कुणाला द्यावी, या वादात शाहूंचा पक्ष झुल्फिकारखानाने घेतला, तर ताराबाईंचा मुनीमखानाने.

एका म्हाताऱ्याचा सल्ला

1712 मध्ये बहादूरशहा लाहोरला वारला. चारही मुलं तख्तासाठी भिडली. झुल्फिकारखानाने जहांदारशहाला निवडलं, त्याला जिंकून दिलं आणि स्वतः वजीर झाला. बाप वजीर होता, मुलगाही वजीर झाला. घराण्याचं भाग्य याहून वर जाणार नव्हतं.

वर्षभरातच ते कोसळलं. जहांदारशहाचा पुतण्या फर्रुखसियर सय्यद बंधूंना घेऊन पाटण्याहून चालून आला. जानेवारी 1713 मध्ये आग्र्याजवळ जहांदारशहा हरला. दाढीमिशा काढून, वेश पालटून तो दिल्लीला पळाला आणि थेट असदखानाच्या हवेलीवर आला. मागोमाग झुल्फिकारखानही घरी पोचला.

आता काय करायचं? झुल्फिकारखानाच्या मनात जहांदारशहाला घेऊन दूर निघून जावं आणि नवी फौज जमवावी असं होतं. दक्षिणेत त्याचा नायब दाऊदखान होताच. असदखानाने नकार दिला. त्याचं सगळं आयुष्य दरबारात गेलं होतं. 1707 मध्ये तो हरलेल्या बाजूला होता आणि तरीही माफी मिळून वर चढला होता. यावेळीही तसंच होईल, असं त्याला वाटलं. जहांदारशहाला नव्या बादशहाच्या हवाली करावं, शरण जावं, जुनी सेवा लक्षात घेऊन आपल्याला अभय मिळेल, हा त्याचा हिशेब.

मुलाने बापाचं ऐकलं. जहांदारशहाला दिल्लीच्या किल्ल्यात कैद करून बापलेक फर्रुखसियरच्या छावणीत गेले. बादशहाने म्हाताऱ्याशी आदराने वागून त्याला परत पाठवलं आणि मुलाला काही विचारायचं आहे म्हणून थांबवून घेतलं. त्या तंबूतच झुल्फिकारखानाचा गळा आवळण्यात आला. जहांदारशहालाही मारण्यात आलं. असदखानाची मालमत्ता जप्त झाली.

असदखान त्यानंतर तीन वर्षं जगला. एकेकाळी ज्याच्या हातून साऱ्या हिंदुस्थानच्या जहागिरी वाटल्या गेल्या, तो दुसऱ्याने ठरवून दिलेल्या नेमणुकीवर दिवस काढत होता. 1716 मध्ये तो वारला, तेव्हा नव्वदीच्या आसपास होता. बादशहाचा संशय, संताजींचा मारा आणि शहजाद्याचा राग या सगळ्यातून तो सुटला. त्याच अनुभवाच्या भरवशावर मुलाला दिलेला सल्ला मात्र जीवघेणा ठरला.

असदगडानंतरचं अकोला

असदखान गेला, तेव्हा अकोल्याची जहागीरही गेली. पण नाव राहिलं. 1724 मध्ये आजच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क जिंकला आणि वऱ्हाड निजामाचं झालं. नागपूरच्या भोसल्यांचाही इथे महसुलात वाटा होता, म्हणून गावांना दोन धनी झाले. 1803 मध्ये आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्यात पडला, आणि तिथून पुढे जाऊन नोव्हेंबरच्या अखेरीस त्याने अडगावची लढाई जिंकली. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि शहराचं तोंड स्टेशनाकडे, म्हणजे मोर्णेच्या पूर्वेला फिरलं. 1870 च्या सुमारास इंग्रजांनी किल्ला बराचसा पाडला. 1910 च्या गॅझेटिअरच्या काळात किल्ल्याच्या मधल्या भागात शाळा भरत होती. वजिराच्या किल्ल्यात मुलं पाढे म्हणत होती.

दरम्यान अगर वेशीवर एक मराठी लेख आला. त्यात हा किल्ला गोविंद आप्पाजीने बांधला असं म्हटलंय. दहीहांडा वेस अब्दुल लतीफचं नाव घेते आणि अगर वेस गोविंद आप्पाजीचं. दोन वेशी, दोन भाषा आणि दोन बांधणारे. अशा वेळी एक खोटा आणि एक खरा ठरवायची घाई करू नये. जुन्या काळी मोठी डागडुजी करणाराही आपल्या लेखात बांधलं असंच लिहून ठेवी. तट पडत, पुन्हा उभे राहत, आणि दरवेळी नवं नाव चढे.

तिसरा दावा तर दगडावर नाही, लोकांच्या तोंडी आहे. अकोलसिंग नावाच्या राजाने इथे ससा कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला, जागा शूर आहे असं समजून मातीचा कोट घातला आणि गावाला त्याचं नाव पडलं. हीच कथा अहमदाबादची सांगतात, विजयनगरचीही सांगतात. म्हणजे ती अकोल्याची घडलेली हकिकत नसून गाव वसवण्याची एक ठरलेली गोष्ट आहे. पण ती कथा एक काम करते. असदखानाच्या आधीही इथे गाव होतं, ही आठवण ती जपते. राजराजेश्वराच्या मंदिराशीही अकोलसिंग आणि त्याच्या राणीची दंतकथा जोडलेली आहे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी निघतात. 17-18 किलोमीटर पायी चालत, शहर पार करत, जयहिंद चौकातून राजराजेश्वराला पोचतात. आधुनिक अकोल्यातून जुन्या अकोल्यात पायी शिरण्याचा हा सर्वांत मोठा सोहळा. हजारो तरुण खांद्यावर भरणे घेऊन जो नदीचा पूल ओलांडतात, तोच जुन्या आणि नव्या शहराची सीमा आहे.

फिरायला निघालात तर

जुनं शहर समजून घ्यायचं असेल, तर सकाळी लवकर, गर्दी वाढायच्या आत निघा. उन्हाळ्यात तर अकोल्यात दुसरा पर्यायच नाही. सुरुवात मोर्णेच्या पुलावरून करा. तिथून किल्ला उंचावर का आहे आणि नदीचा त्याला काय उपयोग होता, ते कळतं. मग किल्ला, वेशींच्या जागा आणि शेवटी राजराजेश्वर.

चालताना तीन प्रश्न सोबत ठेवा. या जागेचं नाव कुणावरून पडलं? ती प्रत्यक्ष कुणी बांधली? आणि तिचा खर्च कुणी भरला? असदगडापुरतं बोलायचं तर पहिल्याचं उत्तर असदखान. दुसऱ्याचं उत्तर ख्वाजा अब्दुल लतीफ आणि त्याच्या हाताखालचे गवंडी-बेलदार. तिसऱ्याचं उत्तर कुठल्याच दगडावर नाही, पण ते अवघड नाही. जहागिरीचा पैसा म्हणजे सारा, आणि अकोला परगण्यात सारा भरत होता तो ज्वारी-कापूस पिकवणारा वऱ्हाडी कुणबी.